बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. चारशे सीसीच्या आसपासची लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारी) टूरिंग मोटरसायकल, ३८ हजार किलोमीटर झालेली. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा. पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर, धोपाव्याला फेरीबोट, पलीकडे दाभोळ, तिथून दापोली आणि हर्णै. हायवेला काही त्रास नाही. धोपाव्याच्या रांगेत तापमानाची खूण लाल झाली. दाभोळ सोडून वर चढताना परत तेच, आणि रेडिएटरला बारीक नळीने जोडलेल्या बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बाहेर आलं. वाटेत एकाने थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, तर दोन दिवस गाडी आणखीच तापली. आता घरी परतल्यावर दुसऱ्याने हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) गेली असं सांगून इंजिन खोलायचा सल्ला दिलाय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पंखा फिरतो आणि कूलंटही कमी नाही, बाटलीत उलट मॅक्सच्या वरच आहे.’

मी या शेवटच्या वाक्याशी थांबलो. इंजिन खोलू नका. निदान अजून नाही.

चिपळूणला घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. घाट उतरून आलेली, किनाऱ्याने फिरून दमलेली गाडी पहिली आमच्या दारात उभी राहते. तापलेल्या गाडीच्या बाबतीत एक सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. पाना हातात घेण्याआधी ‘कधी तापते?’ हे विचारायचं. किती तापते, हे नंतर. उभी असताना तापते आणि वाऱ्याला लागली की शांत होते, तर हवेची बाजू बघायची: पंखा, फ्यूज, रिले (पंख्याचं इलेक्ट्रिक स्विच), रेडिएटरच्या फिन्समधली, म्हणजे पातळ पत्र्यांमधली घाण. उभी असताना ठीक, पण ओझं ओढताना तापते, तर पाण्याची बाजू: कूलंट कमी, आतून चोंदलेला रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट. सकाळी थंड गाडी सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांत काटा वर जातो, तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय, आत हवा अडकलीय किंवा गॅस्केट. आणि काटा मनाला येईल तेव्हा उडी मारतो, परत खाली येतो, तर आधी सेन्सरचा कनेक्टर काढून बघा, इंजिन बहुधा निर्दोष आहे.

तुमची गाडी उभी असतानाही तापते आणि चढालाही. दोन्हीकडे तापते म्हणजे दोन रोग असतात असं नाही. कूलंट मुळातच कमी असेल तर दोन्हीकडे तापणारच.

‘पण बाटली भरलेली आहे!’ इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि बहुतेक मेकॅनिकांचीही. बाटली म्हणजे रेडिएटर नव्हे. ती शेजारच्या घरातली पाण्याची कळशी आहे. आपल्या घरात पाणी आहे का, हे तिच्याकडे बघून कळत नाही.

रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगचा, आतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की उघडतो आणि फुगलेलं कूलंट बाटलीत सोडतो. हा आकडा झाकणावर कोरलेला असतो. बऱ्याच गाड्यांवर १.१ दिसेल, म्हणजे १.१ बार. मधोमध एक बारकी चकती असते, तो दुसरा व्हॉल्व्ह. गाडी थंड होताना आतलं कूलंट आकसतं, ओढ तयार होते, आणि ती चकती उघडून बाटलीतलं कूलंट परत आत घेते. रोज तापली की थोडं बाहेर, थंड झाली की तेवढंच आत. हा श्वास नीट चालला तर बाटलीची पातळी गरम असताना जरा वर आणि सकाळी जरा खाली दिसते.

आता झाकणाचं रबर कडक झालं, चकती चिकटली, किंवा झाकण ते बाटली ही बारीक नळी कुठेतरी तडकली, तर श्वास बाहेर जातो पण आत येत नाही. प्रत्येक फेरीला रेडिएटरमधून थोडं कूलंट बाटलीत जातं आणि तिथेच राहतं. चार-पाच दिवसांच्या टूरमध्ये बाटली मॅक्सच्या वर, पुढच्या चढाला ओसंडून रस्त्यावर, आणि रेडिएटरचा वरचा भाग कोरडा. मालक म्हणतो, ‘कूलंट जास्त झालं वाटतं.’ मागच्या मे महिन्यात एकाने तर सिरिंजने बाटलीतलं काढून पातळी ‘बरोबर’ केली होती. त्या गाडीत मला अर्धा लिटर भरावं लागलं.

ही पारख पाना न लावता होते. रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण थंड गाडी. बाटलीवर मार्करने पातळीची खूण करा. रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट गळ्यापर्यंत काठोकाठ दिसायला हवं. खाली गेलेलं असेल आणि बाटली मात्र भरलेली असेल, तर कूलंट परत येत नाहीये. झाकण उघडायच्या आधी रेडिएटरचा वरचा जाड पाईप बोटांनी दाबून बघा. चपटा झालेला, आत ओढलेला असेल तर मधली चकती चिकटली आहे. याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही.

गॅस्केट गेली तरी बाटली भरते, हे मान्य. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतो आणि कूलंटला बाहेर ढकलतो. म्हणून दोघांत फरक करायचा. गॅस्केट फुटलेल्या गाडीचा पाईप सकाळी चपटा नसतो, उलट थंड गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी गरम व्हायच्या आधीच, दगडासारखा कडक होतो. पुष्कळदा रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण उघडतानाही फुस्स आवाज येतो. झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू केली की बुडबुडे येतात. सुरुवातीचे दोन-चार सोडून द्या, ती अडकलेली हवा. बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस दिली की वाढतात, तेव्हा चिंता करा. बाहेर कुठेच गळती नसताना कूलंट घटत जातं, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. रसायनाने पारखायची एक नळी मिळते. निळं द्रव इंजिनातल्या गॅसमुळे पिवळं पडतं. इंजिन खोलायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा, ही तपासणी केलीत का?

आणि एक कोकणातलं सांगतो. ऑइलच्या काचेत किंवा झाकणाखाली दुधाच्या चहासारखी साय दिसली की लोक घाबरतात, गॅस्केट गेली म्हणतात. पावसाळ्यात आमच्याकडे घर ते बाजारपेठ अशी दोन किलोमीटर चालणाऱ्या निम्म्या गाड्यांत ती साय असते. इंजिन पूर्ण तापतच नाही, आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते. चाळीस किलोमीटर सलग फिरवा, ती नाहीशी होते. गॅस्केटची साय फिरवून जात नाही, वाढते.

थर्मोस्टॅट बदलल्यावर जास्त तापली, याचं कोडं अवघड नाही. थर्मोस्टॅट बदलायचा म्हणजे कूलंट काढावं लागतं. परत भरताना हवा काढली नाही तर तिचा एक गोळा आत राहतो, आणि बहुतेकदा नेमका हेडच्या वरच्या भागात. पंप हवा ढकलू शकत नाही. रेडिएटर अर्धा गरम, अर्धा गार लागतो. हवा काढायला घाई चालत नाही. गाडी स्टँडवर सरळ, मग थोडी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकवायची, पाईप हाताने दाबून सोडायचा, काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा पंपावर हवा काढायचा छोटा बोल्ट असतो तो सैल करायचा, बुडबुडे संपून अखंड धार आली की आवळायचा. मग झाकण लावून गाडी पंखा सुरू होईपर्यंत चालवायची, थंड करायची आणि परत पातळी बघायची. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. तुमचा जुना थर्मोस्टॅट त्याने परत दिला असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, थर्मामीटर ठेवा. साधारण ८० ते ८५ अंशांना उघडायला लागला तर तो चांगला होता आणि पैसे गेले.

झाकणाचा दाब इतका महत्त्वाचा का, तेही सांगतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर १०७ च्या आसपास. त्यावर १.१ बारचं झाकण बसलं की उकळणं १२५ च्या पुढे जातं. पंखा सुरू व्हायचंच तापमान बऱ्याच गाड्यांत १०० ते १०५ असतं. झाकण सैल असेल तर पंखा चालू व्हायला आणि कूलंट उकळायला एकच वेळ येते. म्हणून झाकण ही काही शे रुपयांची वस्तू आधी, इंजिन नंतर. मात्र झाकण त्याच आकड्याचं आणि तेवढंच खोल बसणारं घ्या. ‘जास्त दाबाचं बसवा, तापणार नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकाल तर जुना पाईप कुठल्यातरी सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), भर दुपारी, सावली नसताना फुटेल.

आता तुमच्या ‘पंखा फिरतो’कडे येतो. फिरतो, पण कुठल्या दिशेने? हसू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा शेकड्यांनी दुचाक्या चिखलात गेल्या. वर्षभर आम्ही कनेक्टर बदलत होतो. त्यातल्या एका गाडीच्या पंख्याचा कनेक्टर दुसऱ्या कुणीतरी बदलताना दोन वायरी उलट्या जोडल्या. डीसी मोटर, उलटी जोडली की उलटी फिरते. पंखा रेडिएटरच्या मागे, त्याने समोरची हवा ओढून इंजिनाकडे सोडायची, तर हा इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे फेकत होता. तीन गॅरेजं हिंडून तो माणूस माझ्याकडे आला. प्रत्येकाने पंखा फिरताना बघितला आणि ‘पंखा ओके’ म्हटलं. मलाही आधी कळलं नाही, खोटं कशाला बोलू. बिलाचा कागद हातात होता, रेडिएटरसमोर वाकलो तर तो कागद चिकटायच्या ऐवजी उडाला. तेव्हापासून पंखा सुरू झाला की मी समोर कागद धरतो. चिकटला पाहिजे.

पंखा फिरतच नसेल तर फ्यूज, मग मोटरला थेट बॅटरीवरून वीज देऊन बघायची. थेट फिरला तर मोटर चांगली, दोष रिलेत, सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. किनाऱ्यावरच्या गाड्यांत कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, तो तांब्याचा गंज. तो वीज पूर्ण तोडत नाही, कमी करतो. पंखा फिरतो, पण मंद. तुम्ही जादा दिवे लावले असतील, मोबाईल चार्ज होत असेल, तर गाडी चालू असताना बॅटरीवर मल्टीमीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. रांगेत, कमी आरपीएमवर, दिवे लावून साडेबारावर घसरत असेल तर पंख्याचा जोर तिथेच गेला. आणि ते दिवे नेमके रेडिएटरच्या तोंडासमोर बसवले असतील तर काय बोलायचं.

कोकणातला सगळ्यात साधा गुन्हेगार मात्र लाल माती. जांभ्याची माती पिठासारखी बारीक, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालल्यामुळे ती रस्त्यावरच असते. पावसात पुढचं चाक ती रेडिएटरवर उडवतं, दोन दिवसांच्या उन्हात ती फिन्समध्ये गिलाव्यासारखी बसते. बाहेरून रेडिएटर नुसता लालसर दिसतो. मागून टॉर्चचा उजेड मारा आणि पुढून बघा, पलीकडचा उजेड दिसतो का. नाही दिसला तर हवा जात नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने मात्र तिथे मारू नका, फिन्स कागदासारख्या दुमडतात आणि मग कायमच्या बंद. साध्या नळाच्या धारेने भिजवा, वीस मिनिटं थांबा, मऊ ब्रश, आणि पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे. समुद्रावर वाळूत गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी फिन्सना आतून खातं. जुन्या गाडीच्या फिन्स बोटाने दाबल्या की पीठ होतं, तो रेडिएटर बाहेरून धुऊन काही उपयोग नाही.

आता चढाचं. पुष्कळ जण सांगतात, कोकणातल्या दमट हवेमुळे गाडी तापते. घाम आपल्याला येतो, रेडिएटरला नाही. आपला घाम वाळत नाही म्हणून आपण हैराण होतो; रेडिएटरला फक्त हवा किती गरम आणि किती वेगाने येते याच्याशी मतलब. विदर्भात ४४ अंशांत हायवेला न तापणारी गाडी आमच्याकडे ३४ अंशांत तापते, याचं कारण रस्ता. खाडीच्या काठावरून सड्यावर चढायचं, परत दुसऱ्या खाडीला उतरायचं, दिवसभर हेच. पहिला-दुसरा गियर, वेग वीस-पंचवीस, मागून येणारा वारा वेगाइतकाच, म्हणजे समोरून हवा शून्य. त्यात दोन माणसं, सामान. चढाला वरच्या गियरात इंजिन कण्हत नेऊ नका, एक गियर खाली घ्या. पंपही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, फेऱ्या कमी तर कूलंटचं फिरणंही कमी. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं तर सोडूनच द्या.

गाडी ओढत नसेल आणि तापत असेल तर मागचं चाक उचलून हाताने फिरवा. किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना मिठाने अडकतात, पॅड डिस्कला घासत राहतात, इंजिन दिवसभर ब्रेक ओढत चालतं. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी गाडी लावली, चाकाखाली खारं पाणी वाहिलं, चार दिवसांनी पिना अडकल्या. मालक इंजिन तपासत बसतो. साखळी फार ताठ असेल तरीही थोडाफार तोच प्रकार. इंजिन ऑइल कमी, इनटेकच्या रबराला चीर पडून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, ही कारणंही असतात, पण तुमच्या बाटलीने दुसरीकडे बोट दाखवलंय म्हणून त्यात शिरत नाही. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं ते मात्र बघून ठेवा. तिथून थेंब किंवा वाळलेला रंगीत थर दिसला तर पंपाचं सील गेलंय.

वाटेत परत तापली तर: सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी उभी करा. दुपारी समुद्राकडून वारा येतो, गाडीचं तोंड तिकडे. इंजिन बंद, पण तुमच्या गाडीत चावी ऑन असताना पंखा चालत असेल तर काही मिनिटं चालू द्या, बॅटरीकडे लक्ष ठेवून. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. आमच्याकडे काम शिकायला आलेल्या एका पोराने फडकं घेऊन उघडलं होतं, त्याच्या मनगटावरचा डाग अजून गेलेला नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. आत घालायला कूलंट नसेल तर बाटलीबंद पाणी चालेल, गावातल्या विहिरीचंही एका दिवसापुरतं चालेल, पण किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात. ते मीठ ॲल्युमिनियम खातं. घरी पोहोचल्यावर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, नवं कूलंट. डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं.

तर आता तुमचं काम. आज रात्री गाडी उभी करा, बाटलीवर खूण करा. सकाळी आधी पाईप दाबून बघा, मग झाकण उघडून गळ्यातली पातळी बघा. रेडिएटर काठोकाठ भरा, हवा काढा, नवं झाकण लावा, ती बारीक नळी सोडवून तोंडाने फुंकून तडा आहे का बघा, आणि तिचं टोक बाटलीच्या तळापर्यंत पोहोचतं का तेही. टोक वर राहिलं तर गाडी कूलंटऐवजी हवा ओढते. मग जवळच्या एखाद्या चढावर, मागे माणूस बसवून, तासभर फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गोष्टी मला कळवा: पाईप चपटा होता, कडक होता की नेहमीसारखा, बाटलीतली पातळी खुणेवर परत आली का, आणि पंखा सुरू असताना रेडिएटरसमोर कागद चिकटला का. कागद चिकटला, पातळी परत आली आणि तरीही गाडी तापली, तर मग मीच तुम्हाला निळ्या द्रवाची तपासणी करायला सांगेन.